चार हजारांवरची खाच

अझीम शिकलगारनं दोन जोड्या वर आणल्या, चार खेपांत,
दार खांद्यावर घ्यावं तशा.
थोरली साडेपाच फुटी. धाकटी माझ्या छातीपर्यंत.
दोन्हींना पोट नाही, पेटी नाही,
चौकटीत ताणलेला नुसता पडदा,
लसणीच्या सालीइतका पातळ,
आणि हलणार म्हणे तो सगळाच्या सगळा, एकदम.

"थोरलीला प्लग लागतो, मॅडम. पडद्यावर कायम वीज.
धाकटी चुंबकावर चालते, पण अँप्लिफायरला खाते रेड्यासारखी."
वीज तिथे धूळ, हे मी विचारलं नाही.
माझा भाऊ सांगलीच्या यार्डात हळदीच्या अडतीवर होता,
त्याच्या टीव्हीची काच बारा महिने पिवळी.

भिंतीपासून तीन फूट पुढे हव्यात,
कारण पुढे बोलतात तेवढंच मागेही बोलतात.
खोली अकरा बाय तेरा.
शिवणयंत्र गॅलरीत गेलं.
आणि कडेला, पडद्याच्या रेषेत, उभं राहिलं
तर जवळजवळ काहीच नाही.
मी तीनदा जाऊन उभी राहिले तिथे.
चौतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात
असलीच शांतता सांभाळली मी, काचेच्या खोलीत.
ऐकू आलं की बटण दाबा, आजोबा.
बारीक आलं तरी दाबा.
लाजू नका.

पेनड्राइव्हवर तंबोरा होता, नुसता.
गाणारा आला की मी त्याचीच होते, म्हणून गाणारा नको.
तंतुवाद्यांच्या गल्लीत, जवारी काढताना टेपलेला,
मधेच रिक्षा जाते, कुणीतरी "चहाऽ" म्हणून ओरडतं.
धाकटीवर पंचम आला, जोड आली,
खर्ज जरा उपाशी.
थोरलीवर तेच सगळं, पण चहावाला
उजव्या खिडकीत उभा.
मी वळून पाहिलं.

"वरचं ऐका, वरचं," अझीम म्हणाला, "जवारीची ती किनार,
हिऱ्यानं काच कापावी तशी. धाकटीत नाही ती."
मला दोन्हींत नव्हती.
सहा हजारांपुढे माझा आलेख जिना उतरतो.
मीच काढलाय, निवृत्तीच्या दिवशी,
उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली.

पण एक दिसलं. ऐकताना तो मान वळवतो.
साताला फोन कर म्हटलं होतं, आठाला केला.
"आधी काय करायचास रे?"
"डीजे. आठ वर्षं. ट्रॅक्टरवर भिंतीच्या भिंती,
मी पुढ्यातच," आणि हसला.

दवाखान्यानं मोडीत काढलेलं यंत्र माझ्या कपाटात आहे.
त्याला पलंगावर बसवलं, कानांवर डबड्या, हातात बटण.
पाचशे. दाबलं.
हजार. दाबलं.
दोन हजार, जरा थांबून.
चार हजार.
चार हजार, वाढवून.
चार हजार, आणखी वाढवून.
तो माझ्याकडे बघत होता, अंगठा बटणावर,
अजून सुरू व्हायचंय अशा चेहऱ्यानं.
आठ हजार. दाबलं!
म्हणजे किनार खोटी नव्हती.
किनारीच्या अलीकडे खड्डा आहे,
आणि पोरगा रोज तो ओलांडून जातो, न कळता.

खाच पेन्सिलीनंच काढली.
कागद उलटा ठेवला, वर चहाचा कप.

"मग कुठली, मॅडम?"
"थोरली. किनारीसाठी नाही.
तो चहावाला राहू दे खिडकीत.
धूळ पुसेन मी."
"तीन टक्के सोडतो."
"सोडू नकोस. सोमवारी दवाखान्यात ये,
नंबर लावायला लागतो. सातला."
"आठला?"
मी हात वर केला, पाच बोटं,
आणि दुसऱ्या हाताची दोन.